शहागडचा नावाडी कोणाचा?

मी शहागडास गोदास्नानासाठी गेलो होतो असे माझे स्नेही सांगतात. हवापालटासाठी गेलो होतो असे माझे चिरंजीव सांगतात. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी गेलो तो एका आरोपाचा समाचार घेण्यासाठी, आणि आणखी कोणी तिसरी हकीकत रचण्यापूर्वी खरी हकीकत मीच लिहून ठेवीत आहे.

आरोप असा. एका मासिकात एका विद्वान टीकाकारांनी लिहिले की, ‘पैलथडीचा नावाडी’ ही माझी पहिली कादंबरी मुळात माझी नव्हेच. निजामाच्या मुलखात, गोदाकाठच्या शहागडास ही गोष्ट प्रत्यक्ष घडली. तेथील लोक ती आजही सांगतात. मी ती कोठून तरी ऐकली आणि आपल्या नावावर छापली. वर त्यांची मखलाशी अशी की, मूळ गोष्टीत पुरात गेलेला नावाडी घरी परत येतो. मी त्याला बुडवून चांगल्या गोष्टीची माती केली.

ही कादंबरी मी तीस वर्षांपूर्वी साताऱ्यास एका भाड्याच्या खोलीत, शाळेची नोकरी सांभाळून, पहाटे उठून लिहिली. तोवर गोदावरी मी पाहिलीसुद्धा नव्हती. माझी नदी आजोळची, कृष्णा. पुस्तकात तिला मी नाव दिले नाही, एवढाच काय तो माझा गाफीलपणा. रखमाजी नावाडी मला कोठे भेटला नाही, मी त्याला घडविला. त्याच्या बुडण्याचे शेवटचे प्रकरण सात वेळा लिहिले आणि सहा वेळा बंबात घातले. पुढे अकरा पुस्तके झाली. पण अभिमान धरावा असे प्रकरण तेवढे एकच. तेच उसने ठरले, तर माझ्यापाशी उरते काय?

मनमाडला गाडी बदलून जालन्यास उतरलो. स्टेशनावर करोडगिरीच्या (जकातीच्या) कारकुनाने ट्रंक उघडावयास लावली. धोतरांखाली माझ्या कादंबरीच्या चार प्रती होत्या. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या छापील कागदाकडे तेथे संशयाने पाहतात, आणि पाहणाऱ्याकडे मीही संशयाने पाहत होतो. उर्दूच्या सवयीने त्याने पुस्तक शेवटच्या पानाकडून चाळले आणि विचारले, “किस्सा सच्चा है, या बनाया हुआ?” टीकाकारांनी येथवर माणूस पेरला आहे की काय, अशी मला शंका आली. मी ठणकावून सांगितले, “बनाया हुआ. मैंने बनाया.” त्याने हरकत घेतली नाही. माझ्या कर्तृत्वाला विनातक्रार मान्यता देणारा तेवढा एकच गृहस्थ मला या प्रवासात भेटला.

अंबडपर्यंत सर्व्हिस मोटार होती. धर्मशाळेत मुक्काम केला. जेवावयास ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या व मसाल्याच्या पिठाची) मिळाली. आमटी उत्तम होती. वाढणाऱ्याने मी कोठला, कशासाठी आलो, हे तीनदा विचारले नसते तर आणखी गोड लागली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू नावाच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीने निघालो. काळी जमीन, दोहों बाजूंना कपाशी, आणि झाड असे फारसे नाहीच. गोदेचा पट्टा दिसू लागला तसा दगडूने आसूड पुढे केला.

“त्यो उतार बघा, काका. रखमाजी हितूनच गेल्ता.”

मी सावरून बसलो. कोण रखमाजी, असे साळसूदपणे विचारले. त्यावर त्याने माझे दुसरे प्रकरण, नावेतली हळद, भिजलेली मुंडावळ, सासऱ्याचा रुसवा, सारे जवळजवळ माझ्याच शब्दांत म्हणून दाखविले. हे तुला कोणी पढविले, असे मी जरा कठोरपणेच विचारले.

“पढवायचं काय त्यात? घडलं ते सांगून राह्यलो.”

“तू पाहिलेस?”

“म्या कसा पाहीन? माह्या बापाच्या येळची गोष्ट हाय ती.”

“मग बापाने पाहिले?”

“बाप तवा पैठणला ऱ्हायचा,” दगडू शांतपणे म्हणाला आणि बैलांना हाकू लागला.

येथे वाचकांनी एक मुद्दा ध्यानी घ्यावा. मी गोष्ट चोरली असती, तर नावाड्याचे नाव तरी बदलले नसते काय? चोराला इतकी अक्कल असते. टीकाकारांना मात्र ही गोष्ट सुचली नाही.

शहागडास नदीकाठी चौकशी करताना माझी एक वहाण गाळात रुतली ती कायमची, आणि उरलेला दिवस मी एक पाय अनवाणी हिंडलो. लोकांनी मला रखमाजीची तीन वेगवेगळी घरे दाखविली. त्याची नाव बांधण्याचे लिंबाचे झाड दाखविले. ते माझ्या कादंबरीहून लहान वयाचे होते. रखमाजी परत आला याविषयी एकमत होते. पाहिलेला मात्र एकही नव्हता. सर्वांनी ऐकले होते. कोठे ऐकले, असे खोदून विचारता सर्वांनी एकाच देवळाकडे बोट दाखविले.

तेथे पोथी सांगणारे विठ्ठलपंत जोशी भेटले. साठीचे, किरकोळ बांध्याचे गृहस्थ. माझे नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. रखमाजीचे नाव काढताच ते उगाच समईची वात सारू लागले. हा मनुष्य काही लपवितो आहे, हे मी ओळखले. दोन घटका मी तेथून हललो नाही. अखेर त्यांनी कोनाड्यातून लाल कापडाचे बासन (पोथी बांधण्याचे वस्त्र) काढले. पोथ्यांच्या खाली माझे पुस्तक होते. पुठ्ठा गेलेला, नावाचे पान गेलेले. पहिल्या पानावर हळदकुंकवाचे डाग.

त्यांनी सांगितले ते असे. फार वर्षांपूर्वी एका श्रावणात देऊळ गळून पोथीची पाने एकमेकांस चिकटली. श्रोते तर रोज येऊन बसत. तेव्हा कोणा पाहुण्याचे मागे राहिलेले हे पुस्तक त्यांनी वाचावयास घेतले. नदीला नाव नव्हते, ते गोदा म्हणून वाचले.

“पण रखमाजी परत आला कसा?” मी विचारले. “शेवटच्या ओळीत तो बुडाला आहे.”

जोशीबुवांनी मान खाली घातली. “पोथी मृत्यूवर बांधू नये, असा आमचा शिरस्ता. पुढच्या अध्यायातल्या चार ओव्या वाचावयाच्या, मग बासन बांधावयाचे. आपण पुढे काहीच ठेवले नव्हते. लोक तर उठेनात. मग मी पहिले पान पुन्हा काढले.”

माझे पहिले पान मला पाठ आहे. नाव काठाला लागते, रखमाजी खाली उडी मारतो आणि भाकरी घेऊन उभ्या असलेल्या बायकोला हाक देतो.

मला जिंकल्याचा आनंद झाला, हे लपवीत नाही. त्यांनी हे सर्वांदेखत सांगावे, असा मी आग्रह धरला. दिवेलागणीस मंडळी जमली आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. कोणी ओशाळले नाही. दगडू तर म्हणाला की, मला आधी ठाऊक असते तर काकांना गाडीत पुढे बसविले असते. मग गयाबाई नावाची एक वृद्ध धनगरीण उठली. मेंढरे नदीपार उतरविताना हिचा नवरा याच उतारावर वाहून गेला, प्रेत मिळाले नाही, असे जोशीबुवा माझ्या कानाशी बोलले.

“मंग रखमाजी तुमचा?” तिने विचारले.

“माझा.”

“त्याला बुडविलं कुणी?”

“मीच.”

“आन् परत कुणी आणलं?”

“कोणीही नाही, बाई. तो परत आलेलाच नाही. बुवांनी फक्त पहिले पान वाचले.”

ती मजकडे रागाने पाहत नव्हती. एखाद्या अडाण्याला समजावून सांगावे तशी पाहत होती.

“तुम्ही त्या दिशी देवळात नव्हता, बाबा. आम्ही व्हतो.”

“बराबर,” मागून कोणी म्हणाले, आणि मंडळी आरतीला उभी राहिली. तीस वर्षे मी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले आहे. या वेळी मीही मंडळींबरोबर आरतीला उभा राहिलो.

जोशीबुवांच्या सहीचा आणि पाच अंगठ्यांचा लेखी जबाब घेऊन मी परतलो. तो मासिकाकडे धाडला आहे. न छापल्यास अन्यत्र छापीन. प्रकाशक नव्या आवृत्तीत शेवट सुखाचा करा म्हणतात. ते होणे नाही. माझ्या पुस्तकात रखमाजी बुडतो आणि बुडेल. तो कागद माझा आहे. शहागडात तो घरी येतो. ते मी लिहिलेले नाही, आणि स्पष्टच सांगतो, आठव्यांदा बसलो असतो तरी मला लिहिता आले नसते. ती गोष्ट त्या मंडळींची. टीकाकारांना मात्र या दोन्हींपैकी एकीतही वाटा मिळणार नाही.