एकसारखी हँडलं

घरातल्या दारांच्या कड्या आणि हँडलं मी एका रविवारी बदलून घेतली आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला कळलं की आईला दिसत नाही. कमी दिसतं, धुरकट दिसतं, असलं काही नाही. दिसतच नाही. कधीपासून, ते तिने शेवटपर्यंत धड सांगितलं नाही, पण दोन वर्षं तरी झाली असावीत. एका छपराखाली राहून, तिने निवडलेली भाजी रोज खाऊन मला पत्ता नव्हता. लोक विचारतात, असं कसं होईल? आता झालं ते झालं, कसं झालं ते मी काय सांगू.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. आमचं घर सातपूरच्या बाजूला, वडिलांनी कारखान्यातली नोकरी सांभाळत बांधलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक अरुंद बोळ. बोळात ओळीने तीन दारं होती. पहिलं न्हाणीघराचं, दुसरं संडासाचं आणि तिसरं देवघराचं. संडासाला खेटून देव बसवणारा आमच्या वडिलांखेरीज दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कुणी काही बोललं की ते म्हणायचे, "देवाची काही तक्रार नाय, तुमची का?" वडील गेले, देव तिथेच राहिले. तिन्ही दारं दिवसभर बंद असायची. पहिली दोन वास येतो म्हणून आणि तिसरं उंदीर वाती पळवतात म्हणून.

या दारांची दशा काय सांगावी. न्हाणीघराचं हँडल केव्हाच तुटलं होतं, त्या जागी आईने दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ खिळ्याने ठोकलं होतं. संडासाच्या दाराला तारेचं वेटोळं, हाताला टोचू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळलेली. देवघराची लोखंडी कडी तेवढी मूळची, पण झिजून इतकी बारीक झालेली की दार आधी थोडं उचलायचं आणि मग ओढायचं. घरातल्या माणसांना ते जमायचं. बाहेरच्याने ओढलं तर तो ओढतच बसायचा.

माझ्या खात्यातला एक साहेब एकदा चहाला आला. संडासाला जाऊन आला तो तारेचं वेटोळं हातात घेऊनच. "हे तुमचं," म्हणाला आणि टीपॉयवर ठेवलं. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. माझा मात्र जीव गेला. तो गेल्यावर मी आईवर तोंड सोडलं, कारण तार तिने लावलेली. घर आहे की भंगाराचं दुकान, वगैरे. मी चिडलो की मला थांबता येत नाही, अजूनही येत नाही.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना. मला सवय हाय त्याची."

"सवय? तंबाखू आहे का ती?"

"माझ्यामागं काय करायचं ते कर."

मला वाटलं चिक्कूपणा. आईचं माहेर मखमलाबादकडचं, फुलांची शेती करणारं. बाजारात नेलेल्या फुलांच्या पुडक्यांचा दोराही सोडवून, गुंडाळून घरी आणायचा, असल्या माणसांत ती वाढलेली. म्हातारपणी देवाचे हार ती स्वतः करायची. अबोली, शेवंती, झेंडू, जे असेल ते. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर आणि हात खाली चाललेले. न बघता हार करते म्हणून मी पाहुण्यांपुढे तिचं कौतुक करायचो. असा मी हुशार.

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा होता, तेव्हा मी तिला न विचारता रविवार कारंज्याच्या बाजारात गेलो आणि स्टीलची तीन हँडलं आणि तीन बोल्ट घेऊन आलो. एकाच मापाची, एकाच घडणीची. मिस्त्री रविवारी सकाळी आला. आई बोळाच्या तोंडाशी पाट टाकून बसली ती उठेचना. रीळ निघालं, तार निघाली. जुन्या स्क्रूंची भोकं मोठी झालेली, त्यात मिस्त्री बांबूच्या चिपा ठोकत होता. देवघरापाशी तो आला तेव्हा आई म्हणाली, "मिस्त्री, या दाराची कडी तेवढी ऱ्हाऊ द्या."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं.

"तिचं काय ऐकता," मी म्हणालो. "उद्या म्हणेल दारच नको काढायला, उंदरांना सवय आहे."

मिस्त्री हसला आणि कडी काढली. काम झाल्यावर आई उठली आणि तिन्ही हँडलांवरून हात फिरवत गेली. मग परत फिरवत आली. मला वाटलं, पसंत पडलं म्हातारीला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "सगळी सारखीच आणली का?"

"मग काय तीन दारांना तीन तऱ्हा ठेवू?"

जुनं सामान मी संध्याकाळी रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं.

सोमवार आणि मंगळवार नीट गेले. ती दारं मोजत होती हे आता कळतं. बुधवारी मला दुसरी पाळी होती, म्हणून मी सकाळी घरी. बायकोने कपड्यांची भिजलेली बादली बोळात पहिल्या दारासमोर ठेवली होती. आई आंघोळ करून स्वयंपाकघरातून पूजेचं घेऊन निघाली, एका हातात दूधसाखरेची वाटी, दुसऱ्या मनगटावर हार. बादलीला तिचा पाय लागला. ती बाजूने वळसा घालून पुढे गेली आणि तिथे पहिलंच दार तिने दोनदा मोजलं असणार.

मी बेसिनपाशी दाढी करत होतो. वाटी पडल्याचा आवाज आला. बघायला गेलो तर मधलं दार उघडं. आई संडासात अनवाणी उभी होती आणि दोन्ही हातांनी समोरची भिंत चाचपत होती. देवाच्या फोटोला हार घालायचा होता तिला, आणि फोटो सापडत नव्हता. वाटी भांड्यात पडली होती.

"आई, संडासात काय करतेस तू?"

तिचे हात थांबले. मग हळू म्हणाली, "संडास हाय का हा?"

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. तोंडावरचा साबण तिच्या पदराला लागला. तिच्या डोळ्यांसमोर मी बोटं नाचवली आणि तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. त्या वेळी मला काय वाटलं, हे खूप जणांनी विचारलं आहे. काही वाटलं नाही. मी बेसिनपाशी गेलो आणि राहिलेली अर्धी दाढी केली. मागे न्हाणीघरात ती पायांवर पाणी घेत होती, तांब्यावर तांब्या, आणि बायको रडत म्हणत होती, "आई, झालं, पुरे आता." मी ब्लेड धुऊन पुसून ठेवलं.

त्या दिवशी आई जेवली नाही. मी कामाला गेलो नाही, तिला रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बराच वेळ तपासले आणि मला एकट्याला आत बोलावलं. काचबिंदू आहे, नस सुकली आहे, गेलेली नजर येत नाही. "सुरुवातीला आणलं असतं तर होती तेवढी टिकवता आली असती. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, असं काही म्हणायच्या का त्या?"

म्हणायची. बल्बला इंद्रधनुष्य आलंय म्हणायची. मी म्हणालो होतो, चष्मा पूस. दोनदा म्हणालो होतो. डॉक्टरांना मी सांगितलं, "आठवत नाही." वरातीमागून घोडं नेऊन वर खोटं बोललो.

परत येताना रिक्षात आई माझ्या शेजारी ताठ बसली होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला देवापाशी जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "बाकी काय नाय रे. भाजी काय, कुणीबी निवडंल. पण तू म्हणाला असतास, म्हातारी दिवा लावती, घराला आग लावंल. तेवढं एकच काम ऱ्हायलंय माझ्याकडं."

"असं मी कशाला म्हणेन?"

"तू म्हणतोस," ती म्हणाली. रागाने नाही. भाव सांगावा तसं सांगितलं.

घरी आल्यावर बायकोने मला काही विचारलं नाही. तिने जुन्या लाल साडीची चिंधी फाडली, देवघराच्या हँडलला घट्ट गुंडाळली, आईचा हात धरून तिथे नेला आणि त्यावर ठेवला. "आई, हे देवाचं. दुसऱ्या दोघांना काही नाही." आईने ती चिंधी दाबून पाहिली आणि मान हलवली. एवढंच करायचं होतं. आठ आण्याचाही खर्च नव्हता त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. आई आंघोळ करून भिंतीला हात लावत बोळातून गेली. पहिलं दार, दुसरं दार, मग चिंधी. दार उघडून ती आत गेली. देवांना पाणी घातल्याचं ऐकू आलं, फोटोला हार घालताना कागद वाजल्यासारखा आवाज आला. मग लाकडी फळीवरून तिचा हात फिरायला लागला. एकदा, दोनदा. पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अरे, काडेपेटी हितं नाय."

ती तिथे नव्हती. आदल्या संध्याकाळी, बायको चिंधी बांधून गेल्यावर, मी ती उचलली होती आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. ठेवताना कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी लावतो निरांजन," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "तू ये बाहेर."

मग ती बाहेर आली, हातात उरलेली फुलं होती ती तिने माझ्यापुढे धरली. मी घेतली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि त्या दाराला तिने परत हात लावला नाही.