जयवंताबाईचं बंदर

पिंपळीच्या जयवंताबाईनं बारामतीत किराण्याचं दुकान घातलं तेव्हा लोक हसले. सणसरला दुसरं घातलं तेव्हा गप्प बसले. चौतीस साली ती इंदापूरला तिसरं घालायला निघाली, तेव्हा मात्र पुण्याचा अडत्या जातीनं बारामतीला आला. बाईचा नारळ, सुपारी, खजूर सगळा मुंबई बंदरातून आधी त्याच्या गोदामात उतरायचा आणि मग रेल्वेनं इकडं यायचा.

"इंदापूर सोडा, बाई. तिथं आमचे जावई दुकान टाकतायत."

"टाकू द्या की. रस्त्याला दोन बाजू हायेत."

"मग यंदा आमच्याकडून नारळ मिळायचा नाही."

नेम बरोबर लागला होता. वैशाखात नरसिंहपूरची जत्रा. जत्रेला ज्याच्याकडं नारळ नाही त्याच्याकडं इंदापूरचं गिऱ्हाईक वर्षभर मीठसुद्धा घेणार नाही, हे बाई जाणून होती. तिचा नवरा सोपान तागडी धरायचा, बोलायचं खातं बाईकडं. तरी त्यानं धीर करून विचारलं, "सोडायचं का गं इंदापूर?"

"तुमी तागडी धरा," बाई म्हणाली. "बंदर काय त्यानं एकट्यानं खणलंय व्हय?"

दुसरं बंदर तिच्या दिराला, गेणबाला ठाऊक होतं. तरणेपणी त्यानं कांद्याच्या गाड्या वरंधा घाट उतरून महाडला नेल्या होत्या. खाडीतून गलबतं थेट गावापर्यंत येतात, नारळ उतरवतात. "पर वैनी, मिरग लागायच्या आत. पुढं नारळी पुनवंपातुर बंदर बंद."

चार गाड्यांत कालव्याकाठच्या उसाच्या गुळाच्या ढेपा भरल्या. गूळ द्यायचा, नारळ घ्यायचा. ढेपांना नुसतं गोणपाट गुंडाळलं. बारामतीच्या कोरड्या हवेत ढेपेला आणखी काय लागतं? बाई पुढच्या गाडीत गेणबाशेजारी बसली.

घाट उतरला आणि गुळाला घाम फुटला. महाड येईतो गोणपाटातून पाक ठिबकत होता आणि माशा तर अशा, की बैलांचा मूळ रंग आठवावा लागे.

धक्क्यावरचा व्यापारी पोट धरून हसला. "बाई, गूळ आणलात की काकवी? अर्ध्या भावात टाकून जा."

"गेणबाभावजी, तुमी हितं कांद्याच्याच गाड्या आणल्या व्हत्या, गूळ कदी न्हाय, व्हय ना?" बाईनं एवढंच विचारलं. गेणबानं मान खाली घातली. मग तिनं कुऱ्हाड मागितली, पदर खोचला आणि धक्क्यावर सगळ्यांदेखत एक ढेप फोडली. वरून चिकट, पण आत पिवळीधमक, खडखडीत. व्यापाऱ्याला ओलांडून ती सरळ मालवणच्या गलबताच्या तांडेलाकडं गेली आणि खडा त्याच्या हातावर ठेवला.

"खाऊन बगा. आता घरी निगालाय, चार म्हैनं पाऊस. गूळ लागंलच. हाच गूळ या शेटनं अर्ध्यात घ्यायचा आन तुमाला दुपटीनं द्यायचा, ह्ये कुणी सांगितलंय?"

तांडेलानं खडा चघळला. "गूळ बरो असा, बाय. पण पावसात ऱ्हवतलो?"

"त्ये तुमी सांगा. आमच्याकडं हवेतनं पाणी गळत न्हाय."

तांडेल खो खो हसला. "मडक्यात भरून तोंड लिंपला, की जाता पावसाळो." त्यानं खलाशांना हाक मारली. भरती उतरायच्या आत गूळ गलबतात गेला आणि नारळ गाड्यांत आला. व्यापारी भाव वाढवत काठाकाठानं चालत होता. बाईनं त्याला बैलांच्या वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

जत्रेच्या दोन दिवस आधी इंदापूरच्या दुकानापुढं नारळाची रास लागली. पुण्याहून अडत्याची चिठ्ठी घेऊन माणूस आला: झालं गेलं विसरावं, माल पूर्ववत मिळेल. सोपानानं चिठ्ठी वाचून आशेनं बाईकडं पाहिलं.

बाईनं राशीतला एक नारळ उचलून त्या माणसाच्या हातात दिला.

"शेटला द्या. म्हणावं, फोडून बगा. तुमच्या गोदामाला शिवला न्हाय, तरी पाणी गोडच हाय."