जिनिव्हाला न मिळालेलं उत्तर

माझ्या मामांइतका जिनिव्हाच्या आरोग्य मंडळाला पिडणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. जानेफळला राहून गावोगाव देवी टोचत हिंडणारा हा माणूस, पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या, जगभरच्या साथींची खबर ठेवणाऱ्या त्या मंडळात वऱ्हाडसाठी स्वतंत्र जागा मागत होता. माझं मलकापूरला थोडंफार इंग्रजी झालेलं, म्हणून अर्ज मी लिहायचा आणि चारी कोपऱ्यांना कुंकू ते लावायचे. "शुभकार्य हाये बे, कोरा कागद काऊन धाडाचा?" एकदा तिकडून विचारणा आली, की कागदावरचे लाल डाग कोणत्या रोगाचे?

साथीशिवाय त्यांना दुसरा विषयच नव्हता. घरातल्या मुलीला स्थळ आलं की पत्रिकेआधी विचारत, "विहिरीले कठडा हाये का?" एका वरबापाने मळा सांगितला, सोनं सांगितलं, पण कठड्याचं नाव काढेना. मामांनी त्याला गूळपाणी देऊन वाटेला लावलं. मामी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

या वेडाला कारण होतं. माझी धाकटी मावशी हद्दीपलीकडे, निजामाच्या राज्यात दिलेली, जेमतेम चार कोसांवर. तिच्या गावात हैजा, म्हणजे पटकी, शिरल्याची खबर हैदराबादला गेली, आमच्या तालुक्याला मेहकरला आलीच नाही. मामांच्या पेटीत औषध पडून राहिलं आणि घरी आलं ते कोपरा फाडलेलं कार्ड. फाटका कोपरा दिसला की आमच्याकडे मजकूर वाचत बसत नाहीत; कुणीतरी गेलेलं असतं.

जिनिव्हाचं म्हणणं एकच, अर्ज सरकारमार्फत यावा. आता वऱ्हाड मालकीने निजामाचं आणि कारभार मध्यप्रांताबरोबर इंग्रजांचा. एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवी. मेहकरच्या कारकुनाला मामांनी विचारलं, "शेत एकाचं, वाहते दुसरा. मंग तेच्यात साप निंघाला त बोंबलाव कोनाजवळ?" कारकुनाने अर्ज ठेवून घेतला, तो ठेवलेलाच राहिला.

मग मामांनी आपलंच मंडळ काढलं. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या चौदा कोतवालांना गावांची नावं घातलेली कार्डं वाटली. लिहिता येत नसलं तरी हरकत नाही; हैजा शिरला की कोपरा फाडून मेहकरच्या बाजाराला येणाऱ्याजवळ द्यायचं. असं कार्ड आलं, की मामाही बाकीच्या गावांना कोपरा फाडून कार्डं धाडत आणि तिथले कोतवाल विहिरीत लाल औषध टाकत. "जिनिव्हाले समजन तवा समजन," मामा म्हणत, "आपुन त सभासद झालोच."

मामा म्हातारपणाने, झोपेत गेले. जिनिव्हाचं उत्तर तोवर बदललं नव्हतं. मी रीतीप्रमाणे नातलगांना कार्डं लिहिली, त्या कोतवालांनाही लिहिली, कोपरे फाडले आणि बाजारकऱ्यांच्या हाती दिली.

दहाव्याच्या दिवशी पलीकडचा एक म्हातारा कोतवाल धापा टाकत दारात आला. "कार्ड भेटलं तसं औषध टाकलं भाऊ. चौदाही गावांत टाकलं. मामा कुठी हायेत? हैजा कोन्या गावात शिरला?"

कोपरा पाहिल्यावर मजकूर कुणी वाचलाच नव्हता. मी सांगितलं, तसा तो पायरीवर बसला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला. मलाही रडू आवरेना.

मामा गेले त्या आठवड्यात दोन्ही राज्यांतल्या विहिरींचं पाणी गुलाबी होतं. हे जिनिव्हाला कळवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.