हिरवी वायर

गुढियारीची ती घटना मी विसरलो असं घरी सांगतो. पण उन्हाळ्यात कुठं कूलर घरघरला का माझा हात आपोआप मागं जाते.

माझं शिक्षण आठवी, तेही दुसऱ्या धक्क्यानं. पोलिसात शिपाई म्हणून लागलो अन् घासत घासत एएसआय झालो. वाचनात मी कच्चा. इंग्रजी कागद समोर आला का चष्मा पुसत बसो, तोवर कोणी तरी वाचून दाखवे. कोणीच नसलं तर सही करून मोकळा. सही मात्र एकदम साहेबासारखी, खाली दोन रेघा.

रायपूर नवीनच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ऑफिसं आली, ऑफिसाच्या मागं माणसं आली, अन् ज्याच्याकडं एक खोली जास्तीची तो घरमालक झाला. भाडेकरूची चौकशी ठाण्याकडं होती. म्हणजे मी मोहल्ल्यात जायचं, फॉर्म भरायचा, चहा प्यायचा.

रायपुरातल्याच गुढियारी मोहल्ल्यात एक मराठी घरमालक होते, रेल्वेतून रिटायर, गोंदियाचे. माझी सासुरवाडी तिकडचीच, म्हणून मी त्यायले काका म्हणो अन् ते मले जावईबापू. त्यायच्या मागच्या खोलीत एका सरकारी ऑफिसातला चपराशी अन् त्याची बायको राहाले येणार होते. घरभाडं मंजूर कराले ऑफिसले खोलीच्या वायरिंगचा दाखला पाहिजे होता. लायसनवाल्या मिस्तरीनं तपासलं, अन् साक्षीदाराच्या समोर तपासलं, असा.

काकानं पोह्याची प्लेट अन् इंग्रजी दाखला एकाच वेळी समोर ठेवला.

"जावईबापू, इथं पोलिसाची सही पडली का ऑफिसवाले चूप बसतील."

"मिस्तरीनं पायलं न सगळं?"

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो काय?"

जावयानं असं विचारू नये. मी पोहे खाता खाता सही केली. दोन रेघा बी मारल्या. ती खोली माझ्या खुर्चीपासून पंधरा पावलांवर होती.

मे महिन्यात तो चपराशी त्या खोलीत मेला. दुपारी जेवाले आला, उघड्या अंगानं कूलरच्या जाळीले हात लावला अन् तिथंच चिकटला. ठाण्यात मर्ग कायम झाला, म्हणजे अपघाती मौतीची नोंद. टीआय साहेबानं, म्हणजे आमच्या ठाणेदारानं, जांच मलेच दिली. "मरने वाले की घरवाली मराठी है, तुम ही देख लो."

काकानं पहिल्याच बयानात दाखला काढून दिला. "घर ठीकच होतं. त्याच्या बायकोनं चालू कूलरमध्ये पाणी टाकलं असन. शंभर वेळा सांगतलं होतं."

फाईलमध्ये दाखला लावताना माझी सही माझ्याकडंच पाहून राहिली होती. मी काय केलं? त्या सहीवर पंचनाम्याचा कागद ठेवला.

चपराशाची बायको भंडाऱ्याकडची, तिशीच्या आतली. ठाण्यातल्या बाकावर बसली होती. मी विचारलं, "कूलरमध्ये पाणी कोणं टाकलं?"

"मीनंच. बटन बी मीनंच लावलं."

बाजूले तिची सासू होती. "लिहा साहेब, बराबर लिहा. इनंच खाल्लं माह्या पोराले."

मी लिहिलं. आठ दिवसांत तिले तीनदा ठाण्यात बोलावलं, तीनदा तेच लिहिलं. तीनदा तिनं सही केली, अन् माझ्यापेक्षा नीट वाचून केली.

नवव्या दिवशी ठाण्यासमोर त्या गल्लीतली इस्तरीवाली भेटली. "साहब, उस खोली में तो पहले वाले किरायेदार को भी करंट मारता था. नल छूओ तो झुनझुनी. काका को बोले, तो काका बोले चप्पल पहन के नहाओ."

त्या खोलीतला बटनाचा बोर्ड मी पहिल्याच दिवशी उघडाले पाहिजे होता. काहून उघडला नाही ते मलेच माहीत होतं. आता विजेच्या ऑफिसातला माणूस घेऊन गेलो. त्यानं चार स्क्रू काढले. मागं हिरवी वायर होती. करंट सुटला का माणसाच्या अंगातून न जाता त्याले जमिनीत नेणारी ती अर्थिंगची वायर. कशालेच जोडली नव्हती. गोल गुंडाळून खोसून ठेवली होती, जसं कोणी जानवं खुंटीले ठेवते.

"कभी जुड़ी ही नहीं," तो बोलला. "एक बार खोल के देखते तो दिख जाता."

मिस्तरीले ठाण्यात आणलं. मी टेबलावर हात आपटला. माझी जुनी सवय, समोरच्यापेक्षा मलेच जास्त लागते.

"सच बोल. गया था तपासने?"

"नहीं साहब. काका कागज ले के दुकान पे आए, मैंने ठप्पा मार दिया."

"बिना देखे? शरम नहीं आई?"

त्यानं फाईलीतला दाखला आपल्याकडं ओढला अन् खालच्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "साहब, इसमें लिखा है मैंने आपके सामने चेक किया. आप कहाँ थे?"

बयान लिहिणारा मुन्शी लिहिता लिहिता थांबला. अशी केस खुलली.

लोक समजतात मी आपणहून साहेबाकडं गेलो. नाही. मुन्शीनं ऐकलं होतं, म्हणून गेलो. टीआय साहेब वयानं माझ्या पोरायएवढा. त्यानं विचारलं, "दस्तखत से पहले पढ़ा था?"

"अंग्रेजी पढ़ना नहीं आता, सर."

"देखना तो आता है?"

मी चष्मा पुसत बसलो.

माझंही बयान झालं, मी लाईन हाजर झालो, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाईनीत बसवला, जांच दुसऱ्याकडं गेली. काका अन् मिस्तरीवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. माझ्यावर लागला नाही, फक्त सर्व्हिस बुकात ताकिदीच्या दोन ओळी आल्या. एवढ्यात सुटलो याची जास्त लाज वाटते.

लाईनीत जाण्याआधी त्या बाईच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगतलं.

"म्हणजे वायर जोडलेली असती, तर मी बटन लावून बी हे जगले असते?"

"हव बाई. बटन लावासाठीच असते."

"तुमाले कधी समजलं?"

"वायरीचं काल. पण दाखल्यावर माझी न पाहता केलेली सही आहे, हे पहिल्या दिवशी."

जन्मभर मी गमती करून वेळ मारून नेली. तिथं एकही सुचली नाही.

"नऊ दिवस मी त्यायच्या फोटोसमोर गेली नाही," ती बोलली. "चला अंदर. हेच माह्या सासूसमोर बोला."

बोललो. सासूनं माझ्याकडं पायलंच नाही. सतरंजीवर जराशी सरकली अन् सुनेले जागा करून दिली. मले कोणी बस म्हटलं नाही, अन् ते बराबरच होतं.

या केसनं काय शिकवलं म्हणाल, तर चोर पकडणं नाही. गुन्हा करणाऱ्याले खोटं बोलावं लागते. मले तेही करावं लागलं नाही, नुसतं भल्या माणसासारखं वागलो.

मागच्या वर्षी माझ्या पोट्टीनं नवा रायपूरमध्ये भाड्यानं फ्लॅट घेतला. घरमालकानं वायरिंगचा दाखला दाखवला, रंगीत, शिक्क्यासकट. मी पेचकस मागितला. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसलो, बोर्ड उघडला, टॉर्च मारून हिरवी वायर शेवटपर्यंत पाहिली.

घरमालक पोट्टीले हळूच विचारून राहिला होता, "अंकल इलेक्ट्रीशियन थे क्या?"

"नहीं भैया," मी खालूनच बोललो. "गवाह था."