बसून घेतलेलं वाण

देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मला त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती. उज्जैनहून परतताना सांवेर गावाच्या अलीकडे समोरून आलेला ट्रक आमच्या टॅक्सीवर आदळला. मागच्या सीटवर आम्ही नवरा-बायको शेजारी बसलो होतो. ती गेली, मी राहिलो. सकाळी दोघांनी एकाच देवापुढे हात जोडले होते. मग निवड कशी झाली, हा प्रश्न मला छळायचा, आणि तो विचारायचीही शरम वाटायची, कारण निवडला गेलेला मीच होतो.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा राजेंद्र नगरहून माझ्या सासूबाई आल्या आणि राहिल्याच. आम्हाला मूल नाही. त्यांचीही ती एकुलती. मुलगी गमावलेली ही बाई माझं अंग पुसायची, शौचाचं भांडं द्यायची, चादर बदलायची. आपल्याकडे जावयाने जेवल्यावर ताटही उचलायचं नसतं, आणि मी त्यांच्यासमोर असा पडलेला. मी भिंतीकडे तोंड करून असायचो. त्या कधी रडल्या नाहीत. मला वाटायचं, मनात माझ्यावरचा राग असेल, म्हणून रडू येत नसेल.

मांडीचं हाड जुळलं. डॉक्टरांनी आता बसायला हवं म्हणून सांगितलं. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची. “सर, आज तरी बसू या ना. थोडी कोशिश तर करा!” मी दुखतंय म्हणायचो. दुखत होतंच, पण कारण वेगळं होतं. बसलो की मी बरा होऊ लागलो असतो, आणि बायकोच्या आईच्या डोळ्यांदेखत बरं होण्याचा मला काय हक्क?

असेच महिने गेले आणि अधिक मास आला. या महिन्यात जावयाला नारायण मानून अनारसे आणि दिव्याचं वाण देतात. मुलगी-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा. एका सकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. पाठोपाठ फोनवरचा, स्पीकरमधून येणारा त्यांच्या धाकट्या जावेचा आवाज.

“अहो ताई, मुलगी गेली, आता कसला जावई आणि कसलं वाण? लोक हसतील ना!”

“हसू देत. इथे कढईत अनारसेही हसतायत सकाळपासून. चार तर पार विरघळले तुपात. तळायला ये, भाषणबाजी छोड.”

थोड्या वेळाने त्या ताट घेऊन पलंगापाशी उभ्या राहिल्या. निरांजन लावलेलं होतं.

“जावईबापू, बसा.”

“आई, नाही जमणार.”

“झोपलेल्या माणसाला ओवाळत नाहीत. त्याच्या पायाही पडत नाहीत.”

का ते त्यांनी सांगितलं नाही. आडव्या माणसाला नमस्कार कधी करतात, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“लक्ष्मी गेली, आई. मी कसला नारायण? हे घ्यायची लाज वाटते मला.”

“वाटू दे. मलाही वाटते, पोरीच्या मागे राहिल्याची. पण वाण कुणाचं ते मी ठरवत नाही, तुम्हीही नका ठरवू. बसा लवकर, पंखा लागतोय निरांजनाला.”

मी कोपरांवर भार दिला. कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आता पडणार, असं वाटलं तेवढ्यात पाठीला आधार मिळाला. तळहाताचा असतो तसा, रुंद आणि उबदार. आई समोर होत्या, दोन्ही हातांत ताट धरून. घरात तिसरं कुणी नव्हतं. याचा अर्थ मी लावत नाही. जसं झालं तसं लिहितो. मी बसलो होतो. पाय पलंगावरून खाली सोडलेले होते.

त्यांनी ओवाळलं. मग खाली बसून माझ्या पायांवर पाणी घातलं, व्रण असलेल्या पायावर हळूच, आणि त्यावर डोकं टेकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकून त्यांना उठवावं तर कंबर वाकत नव्हती. जे मिळत होतं ते घेण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. माझ्या गुडघ्याला धरून त्या रडल्या, मोठ्याने, मुलीचं लहानपणीचं नाव घेऊन. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. जावयाने असं करू नये, पण हात तिथवरच पोचत होता.

माझ्या बरं होण्याने त्यांचं दुःख वाढेल, असं मी समजत होतो. त्यांना तर रडायला घरात एक बसता माणूस हवा होता, आणि मी तोही होत नव्हतो.

आता वॉकर घेऊन मी देवघरापर्यंत जातो. शरम गेलेली नाही. ती जाईल असंही वाटत नाही. पण मी का उरलो, हे देवाला विचारणं थांबवलं आहे. त्याने ठेवलं आहे, तर राहावं; ज्याच्यासाठी ठेवलं असेल त्याच्या उपयोगी पडावं. हात जोडतो तेव्हा मागायला काही सुचत नाही. आई मागे वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून जप करत असतात. त्यांचा जप संपेपर्यंत मी उभा राहतो.