हंपीची रंगीत तालीम

हंपीला जाण्यासाठी आम्ही आधी पेणला गेलो.

नकाशात हंपी आमच्या रोह्याच्या खाली आहे आणि पेण वर, हे मला ठाऊक होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत एवढा लांबचा प्रवास, त्यात टपावर नवीन कॅरियर! म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान आणि सगळी माणसं गाडीत भरून पेणपर्यंत तालीम करायची, असं मी जाहीर केलं. बायको मीरा म्हणाली, सामान दारातच बांधून बघ. पण मी ऐकणारा नव्हे. (त्या आठवड्यात मी गाडीबद्दलचे इतके व्हिडिओ पाहिले होते की गाडीच मला मामुली वाटू लागली होती.)

आई, मीरा, माझ्याएवढी उंच झालेली दोन मुलं आणि मी निघालो. वाटेत गडब गावाच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि टपावरची गादी सुटून थेट एका भाजीच्या टपरीवर पसरली. टपरीवाल्या बाईंनी गादी दाबून बघितली आणि शांतपणे विचारलं, "दादा, विकायची हाय का?"

गादी पुन्हा बांधून पेणला पोचलो. आलोच आहोत तर आक्का आत्याकडे चहा घ्यावा, असं आईने सुचवलं. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. एकटीच राहायची आणि गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. कित्येक वर्षांत ती पेणच्या बाहेर पडली नव्हती.

ती दारात आली. तिने टपावरचं सामान पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"वयनी, मला न्यायला येशील असं वाटलं नव्हतं गो."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. आईने माझ्या पायावर पाय दिला.

"मग? तुम्हाला टाकून जाणार होतो काय?" आई म्हणाली. ही तीच आई, जी आदल्या संध्याकाळपर्यंत गाडीत मुंगीलाही जागा नाही म्हणून माझ्याशी भांडत होती!

आत्याने विचारलंसुद्धा नाही, कुठे जायचंय. चहा उकळेपर्यंत तिचं बोचकं तयार, गल्लीभर बातमी आणि शेजारणीने दिलेला पोह्यांचा चिवडा मांडीवर. मग आम्ही सहाजण गाडीत बसून पाहिलं. आत्या बसली की धाकटा बाहेर, धाकटा बसला की दार उघडं. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

"पण गाडी कोण चालवणार?" मी हुकमाचं पान टाकलं.

"नागोठण्याला माझ्या कंपनीत रोज कोण चालवत जातं?" मीराने विचारलं.

मी एसटीने रोह्याला परतलो. घरी पोचलो तेव्हा माझी बॅग कॅरियरवरून उतरून ओट्यावर बसली होती. सकाळी गाडी सुटताना आत्याने खिडकीतून हात काढून पेणच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. तुळशीला एक दिवसाआड पाणी घालशील ना, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. आत्या दगडी रथापुढे उभी होती. तिने फोन एका कोरलेल्या मूर्तीच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "बघ रे, काय आखलेत डोळे! रंग नाय, काय नाय, तरी बघतायत." कॅमेरा तिच्याकडेच वळलेला होता, त्यामुळे मला त्या हलत्या चित्रात मूर्तीपेक्षा तिचेच डोळे जास्त दिसले. आता आत्या नाही. पण तेव्हाचा तिचा आवाज अजून कानात आहे.

कॉल आला तेव्हा मी पेणलाच होतो, तिच्या अंगणात, हातात तांब्या. शेजारीण कुंपणापाशी आली आणि काळजीने म्हणाली, "सगळी फिरायला गेली. तुमीच नाय गेलात?"

"मीही फिरायलाच आलोय," मी म्हटलं. "रोह्याहून."