मातीने पुसलेले ठसे

मेक्सिकोला जायचं मीच काढलं. अटलांटाजवळच्या अल्फारेटात आमच्या घराजवळ एक छोटा पॉटरी स्टुडिओ आहे, तिथे मी बरीच वर्षं शनिवारी सकाळी जाते. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिथल्या ओआहाका शहराजवळच्या एका खेड्यातल्या वर्कशॉपबद्दल सांगितलं. आठवडाभर चाकाशिवाय, नुसत्या हाताने मडकी घडवायची, दगडाने घोटायची आणि उघड्यावर भाजायची. माझ्या डोक्यातून ते जाईना. नवरा म्हणाला, "चल, मीही येतो. फक्त माझी मडकी बघून हसायचं नाही."

ओळखीतल्या सगळ्यांनी एकच विचारलं, "आत्ता कशाला देशाबाहेर जाताय यार? परत येताना अडवतात हल्ली." आमचे कागद नीट होते. नवऱ्याचा कामाचा व्हिसा, त्याच्यावर अवलंबून माझा. तरी प्रत्येक वेळी तो प्रश्न ऐकला की रात्री माझी झोप उडायची. लेक इथेच जन्मलेली, तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. तिची शाळा होती, म्हणून तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकू लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. लेकीला आमच्यापेक्षा त्यांचंच घर आवडतं.

तो आठवडा खूप आनंदात गेला. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी शरणागती पत्करली आणि तो बाजारात भटकायला लागला. मी मात्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत मातीत. तिथल्या मातीत बारीक वाळू असते. ओली असताना ती बोटांनी दाबत, सारवत जायची, वाळली की घासून गुळगुळीत करायची. शेवटी बोटांची टोकं झिजून गुळगुळीत, लालसर झाली होती. चहाचा कप धरला तरी चटका बसायचा. मला त्याचा अभिमानच वाटत होता.

परतताना अटलांटाला दुपारी उतरलो. इमिग्रेशनच्या काउंटरवर नवऱ्याचं मिनिटभरात झालं. मी चार बोटं ठसे घ्यायच्या काचेवर ठेवली. लाल दिवा. "जरा जोरात दाबा," अधिकारी म्हणाला. दाबली. पुन्हा लाल. त्याने काच पुसली, मला हात पुसायला लावले, दुसरा हात घेतला. स्क्रीनवर काय दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, पण त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो हळूहळू कोरा होत गेला.

"तुम्हाला आत जावं लागेल," तो मला म्हणाला. मग नवऱ्याकडे वळला, "तुम्ही बाहेर थांबा."

"ती माझी बायको आहे. मी तिच्याबरोबर जातो."

"सर, तुम्ही बाहेर थांबा."

नवरा मला मराठीत म्हणाला, "घाबरू नकोस, मी आहे इथेच." पण तो इथे नसणार होता, बाहेर असणार होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आतल्या खोलीत फोन बंद करायला लावला. खुर्च्यांवर सात-आठ माणसं गप्प बसलेली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एका तरुणाचं नाव पुकारलं, त्याला मागच्या दाराने नेलं. तो परत आला नाही. कदाचित ते बाहेर जायचंच दार असेल, पण मला ते विचारायची हिंमत झाली नाही.

मी म्हणजे मीच आहे, हे या लोकांना कसं सांगायचं? परत पाठवलं तर कुठे पाठवतील, मेक्सिकोला की भारतात? लेकीला काय सांगतील? तिची वेणी नवऱ्याला घालता येत नाही. तिच्या ॲलर्जीचं औषध मी नवीन जागी ठेवलं होतं, आणि ते त्याला सांगितलेलं नव्हतं. मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते: वरच्या कपाटात, डाव्या बाजूला, टॉवेलांच्या मागे. जणू मी घोकत राहिले तर ते त्याला ऐकू जाईल.

शेवटी माझं नाव आलं. काउंटरमागे चष्मा लावलेली एक वयस्क अधिकारी होती. पहिल्यांदा अमेरिकेत कधी आलात, कुठे राहता, नवरा काय करतो, सगळं विचारलं. मग म्हणाली, "हातांनी काय काम करता?"

"मातीकाम," मी म्हणाले. "शिकायला गेले होते."

तिने माझी बॅग उघडली. ओढणीत गुंडाळलेला छोटा काळा तांब्या बाहेर काढला आणि उजेडात फिरवून पाहिला.

"हे तुम्ही केलंत? गळतं का?"

"अजून पाणी घालून पाहिलं नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "बोटं कपाळावर घासा. तिथलं तेल लागू दे." मी घासली. दोन बोटं उमटली. "नाकाला घासा. पुन्हा." असं कितीदा केलं कोण जाणे. अंगठा शेवटपर्यंत अडून बसला. ती उठून आत गेली, आणि तो वेळ मला सगळ्यात जड गेला. परत आली ती दुसरं मशीन घेऊन. त्यावर अंगठा हिरवा झाला. तिने पासपोर्टवर शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

नवरा सामानाच्या पट्ट्याजवळ एकटाच उभा होता. आमच्या विमानातले सगळे केव्हाच गेले होते. मला बघून त्याने माझा दंड घट्ट धरला, इतका की दुखला. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्याला किल्ली लावता येईना. "तू चालव," म्हणाला. मी चालवली. घरापर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मी त्याला टॉवेलांमागच्या औषधाचं सांगितलं.

काकूंना त्याने फोनवर सगळं सांगितलं होतं, पण त्यांनी लेकीला कळू दिलं नव्हतं. ती होमवर्क करत होती. "यू आर लेट," एवढंच म्हणाली. काकूंनी स्वयंपाकघरात माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. "ठसे येतात गं परत. थोडे दिवस जाऊ दे." मग मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि मला रडू दिलं.

हिवाळ्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला जावं लागलं. जायच्या आधी महिनाभर मी मातीला हात लावला नाही. परत येताना लेक बरोबर होती. त्याच विमानतळावर बोटं काचेवर ठेवली आणि लगेच हिरवा दिवा लागला. अधिकाऱ्याने वर बघितलंसुद्धा नाही. मी चार पावलं पुढे गेले आणि थांबले. भिंतीला टेकून उभी राहिले.

लेक मागे वळली. "मम्मा, कम ऑन. आपल्या बॅग्ज आल्या."